कशावरूनबाईंचा राहिलेला तास

शाळेत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्या 'कशावरूनबाई'. वाचनालय त्यांच्या ताब्यात होतं. कुणी काहीही सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून त्या एकच विचारायच्या, "कशावरून?" उद्या सुट्टी आहे म्हणे. कशावरून? नवे सर फार मारके आहेत म्हणे. कशावरून? एकदा शिपाई आत डोकावून ओरडला, "बाई, दिवे गेले!" तेव्हाही सवयीनं त्यांच्या तोंडून 'कशावरून?' निघून गेलं आणि अंधारात अख्खं वाचनालय खो खो हसत सुटलं. त्या स्वतःही हसल्या. स्वतःवर हसता येणारी माणसं शाळेत फार नसतात.

वाचनालय म्हणजे एक लांबोळकी खोली. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, मधे टेबलं, खिडकीपाशी माना टाकून बसलेले जुने संगणक आणि समोर पांढरा पडदा. पडद्याच्या वर, भिंतीवर, रंगाऱ्याकडून बाईंनी चार प्रश्न लिहून घेतले होते: सांगणारा कोण? त्याला कसं कळलं? सांगण्यात त्याचा काय फायदा? आणखी कोण म्हणतंय? शेवटच्या प्रश्नाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'निदान तीन ठिकाणी बघा.' या शाळेतून बाहेर पडलेली पोरं बाकी सगळं विसरत, पण हे चार प्रश्न त्यांना पाढ्यांसारखे पाठ असत.

शिकवण्याची बाईंची एक खास रीत होती. दर वर्षी एका वर्गासाठी त्या स्वतः बसून एक खोटी बातमी तयार करायच्या. तिला त्या 'नमुना' म्हणत. बातमी अशी बेमालूम, की मोठ्यांनीही फसावं. पण तिच्यात दोन-तीन चुका मुद्दाम पेरलेल्या. नमुना पडद्यावर दाखवायचा आणि गप्प बसायचं. खरं की खोटं, आठवडाभर सांगायचं नाही. पोरांनी फोनवर फोटो घ्यावा, घरी दाखवावा, शेजारीपाजारी विचारावं, संगणकावर शोधावं. पुढच्या तासाला ज्याला जे सापडलं ते त्यानं मांडायचं आणि मग बाईंनी चुका उघड करायच्या. त्या दिवशी वर्गात जो आरडाओरडा व्हायचा, तो ऐकायला शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहत. "खोटं आधी थोडं अंगाला लागू द्यावं," बाई म्हणत, "म्हणजे पुढं बाधत नाही."

आणि एक नियम त्या स्वतःसाठी कटाक्षानं पाळत. नमुन्यात परक्याचा चेहरा वापरायचा नाही. ज्याचा फोटो घ्यायचा, त्याला समोर बसवून विचारायचं. एका वर्षी स्वतःचाच फोटो लावून त्यांनी स्वतःला सर्कशीतून पळालेली बाई ठरवलं होतं. या वर्षी त्यांनी धाकट्या भावाला विचारलं.

भाऊ दुसऱ्या गावी कारखान्यात फिटर होता. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. सुट्टी मिळाली की ताईकडे यायचा आणि आल्या आल्या घरातलं काहीतरी खोलून बसायचा. शेजारणींची शिवणाची मशीनं तो चहाच्या कपावर दुरुस्त करून द्यायचा. बाईंनी विचारलं तेव्हा तो मशीनच्या पायपट्टीखाली डोकं घालून बसला होता.

"तुझा चेहरा देतोस का रे? खोटी बातमी करायचीय."

"काय करणार मला? मंत्री?"

"वाईट माणूस करणार."

"मग मशीनवाला कर," तो खालूनच म्हणाला. "खोटं तरी अंगाला शोभू दे."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, वाचनालयातल्या कपाटासमोर उभा राहिला आणि बाईंनी फोटो काढला. हसू नकोस, असं त्याला दोनदा सांगावं लागलं. नमुना तयार झाला: 'सावधान! शिवणाची मशीन दुरुस्त करण्याच्या बहाण्यानं हा माणूस घरात शिरतो, लहान मुलांना खेळणी देतो आणि मुलं नाहीशी होतात.' चुका अशा, की वर तारीख होती जूनची एकतीस. ज्या अधिकाऱ्यानं ही माहिती दिली म्हणे, त्याचं सरकारी खातंच जगात नव्हतं. आणि सगळ्यात गोड चूक म्हणजे फोटोत भावाच्या कमरेमागे वाचनालयाचंच कपाट दिसत होतं, शाळेच्या शिक्क्यासकट. 'बाई, हे तर आपलंच कपाट!' अशी आरोळी कोण आधी ठोकतो, याची बाई वाट बघत होत्या.

ती आरोळी कुणी ठोकलीच नाही, कारण पुढचा तास झालाच नाही. शाळेला टॅब मिळाले होते आणि ते वाटायला पाहुणे येणार होते. वाचनालय रिकामं करून तिथं खुर्च्या मांडल्या गेल्या. चार प्रश्नांवर 'डिजिटल शाळा' असं लिहिलेलं भलंमोठं कापड टांगलं गेलं. पाहुण्यांनी माहितीच्या युगावर भाषण ठोकलं, मुलांनी टाळ्या पिटल्या, टॅब वाटले, फोटो निघाले आणि मग ते सगळे टॅब परत गोळा करून कपाटात कुलूपबंद झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सराव परीक्षा. त्याच्याही पुढच्या आठवड्यात वर्गशिक्षक म्हणाले, "बाई, अभ्यासक्रम राहिलाय हो, तुमचा तास मला द्या. तुमचं काय, गोष्टीच सांगायच्या." बाईंनी तास दिला. दातओठ खात दिला, पण दिला.

जिन्यात एक मुलगी त्यांना अडवून म्हणाली, "बाई, तो मशीनवाला खरा आहे का?"

तिथल्या तिथं 'नाही' म्हणता आलं असतं. एक शब्द, तोही दोन अक्षरांचा. पण बाईंचा हट्ट असा, की उत्तर जिन्यात सांगून टाकायचं नसतं. ते पोरांनी शोधायचं असतं. त्या लाडानं म्हणाल्या, "तूच शोध. पुढच्या आठवड्यात सांगते."

तेवढ्यात भावाचा कारखाना बंद पडला. एक पत्र्याची पेटी आणि हत्यारांची पिशवी घेऊन तो ताईच्या दोन खोल्यांत राहायला आला. दोन दिवस छताकडे बघत बसला. तिसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "गल्लीबोळांतून फिरतो. मशीनं काय, प्रत्येक घरात कुरकुरतातच."

बाईंनी त्याला दारात थांबवलं. "अरे, तुझा तो फोटो पोरांनी बघितलाय. अजून मी त्यांना खरं सांगितलेलं नाही."

"मग बरंच की. फुकटची जाहिरात," तो हसून म्हणाला आणि गेला.

बाईंनी त्याच दिवशी वर्गशिक्षकांकडे दहा मिनिटं मागितली. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की. बाईंनी मान डोलावली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असा विचार त्यांनी केला असेल. तो तेव्हा शहाणपणाचाच वाटतो.

इकडे नमुना शाळेच्या फाटकाबाहेर पडून पायी चालत निघाला होता. पोरांनी तो घरी दाखवला. तसं बाईंनीच सांगितलं होतं. घरच्यांनी तो पुढं पाठवला. पाठवता पाठवता कुणीतरी फोनच्या पडद्यावर नीट बसावा म्हणून वरची तारीख कापली. कुणीतरी खालचा मजकूर नको म्हणून कापला, त्यात त्या अधिकाऱ्याचं नाव गेलं. आणखी कुणीतरी चेहरा मोठा दिसावा म्हणून कपाट कापलं. यातल्या कुणाच्याच मनात पाप नव्हतं. पण बाईंनी पेरलेली एकेक चूक अशी खुडली गेली आणि उरली ती एकदम निर्दोष बातमी.

त्या दुपारी बाई पुस्तकांना पुठ्ठे घालत होत्या. शिपायानं निरोप आणला, इस्पितळातून फोन आहे. या वेळी त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही.

काय झालं ते त्यांना तुकड्या-तुकड्यांत कळलं. नव्या वसाहतीत एका घरी भाऊ मशीन खोलून बसला होता. घरातलं लहान पोर भोवती घुटमळत होतं, म्हणून त्यानं त्याच्या हातात दोऱ्याची रिकामी बॉबिन खेळायला दिली. शेजारीण साखर मागायला आली. तिनं बॉबिन बघितली, चेहरा बघितला, मग फोन बघितला. पुढचं काही सांगायला नको. जमलेल्या लोकांनी त्याला जिन्यावरून खाली ओढलं तेव्हा तो म्हणत होता, माझ्या ताईला विचारा, शाळेत विचारा. मशीनच्या लोखंडी चाकानं त्याचा उजवा हात ठेचला. ते चाक त्यानंच थोड्या वेळापूर्वी साफ करून, तेल देऊन बाजूला ठेवलेलं होतं.

खाटेवर तो ओळखू येत नव्हता. एक डोळा मिटलेला, हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरनं पांढरा. दाराशी पोलीस बसला होता, कारण मारणाऱ्यांपैकी कुणावर नाही, तर मार खाणाऱ्यावर तक्रार झाली होती. डॉक्टर बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, बोटं पहिल्यासारखी वळतील असं वाटत नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, स्वतःचा संताप आला. इतका, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"ताई," तो ओठ न हलवता म्हणाला, "तू सांग ना त्यांना. तू सांगितलंस की झालं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पालकांनी बैठक बोलावली होतीच. वसाहतीतली माणसं, आया, दुकानदार, सगळे जमले होते. समोर माईक घेऊन उभा होता तो बाईंचाच जुना विद्यार्थी. गावातल्या बातम्यांचा फोनवरचा गट तोच चालवायचा. शाळेत असताना बाईंनी त्याचं नाव 'शंकासुर' ठेवलं होतं. पुस्तकात छापलेलंही तो मान्य करायचा नाही, आधी दुसऱ्या पुस्तकात बघून यायचा. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी दुसरा झाला नाही, असं त्या कौतुकानं सांगायच्या. त्याला तिथं बघून त्यांना हायसं वाटलं. हा ऐकेल. हा आपला आहे.

बाई उठल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. नमुना मी केला. फोटो मी काढला. तो माझा भाऊ आहे, त्यानं मुंगीही मारलेली नाही. चूक माझी आहे, तास राहून गेला.

मग मागून एक बाई म्हणाली, "विस्तवाशिवाय धूर निघतो का?" आणि कुजबुज सुरू झाली.

शंकासुरानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो उद्धट नव्हता. मान खाली घालून, शाळेत बोलायचा तसाच तो बोलला.

"बाई, मी पुढं पाठवण्याआधी तपासलं होतं. तुम्ही शिकवलंय तसं, तीन ठिकाणी. पलीकडच्या गावाच्या गटात होतं. फोनवरच्या एका बातमीवाल्यानं दिलं होतं. आणि तिसरं, माझी भाची इथंच शिकते, तिला विचारलं. ती म्हणाली, हो मामा, आमच्या वाचनालयात बाईंनी दाखवलं होतं."

"अरे, ती तिन्ही ठिकाणं माझ्याच पडद्यावरून निघालेली आहेत!" बाईंचा आवाज चिरकला. "एकाच विहिरीचं पाणी तीन घागरींत भरलंस तू!"

"असेल, बाई. पण भाचीनं तुम्हाला जिन्यात विचारलं होतं, खरं आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणालात?"

"मी म्हणाले, तूच शोध," बाई म्हणाल्या.

"आमच्या वर्षीही तुम्ही नमुना दाखवला होतात," तो पुढं म्हणाला. "बरोबर पुढच्या आठवड्यात खोटं म्हणून सांगितलं होतंत. दर वर्षी सांगता. याच वर्षी नाही सांगितलंत. आता तो माणूस पकडला गेल्यावर सांगताय."

"मुख्याध्यापकांना विचार! त्यांना माझी रीत माहीत आहे!"

मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी रुमालानं मान पुसली. आज सकाळीच वरून फोन येऊन गेला होता, शाळेचं नाव यात येता कामा नये. ते म्हणाले, "वाचनालयात तासाला नेमकं काय दाखवलं जातं, याची शाळेला लेखी कल्पना नसते." आणि खाली बसले. एवढं मोजून-मापून ते एरवी कधी बोलत नसत.

मग बाईंना आठवलं. टॅब आल्यावर जुने संगणक भंगारात गेले होते, पण नमुन्याची एक छापील प्रत त्यांनी फायलीला लावलेली होती. त्या जवळजवळ धावतच वाचनालयात गेल्या आणि ती घेऊन आल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला! तारीख, अधिकारी, कपाट, सगळं जसंच्या तसं होतं. त्यांनी तो कागद शंकासुराच्या हातात दिला.

त्यानं तो दिव्याखाली धरला. खूप वेळ, अगदी मन लावून वाचला. वाचताना भुवई वर करण्याची त्याची सवय अजून गेली नव्हती, हे बाईंना दिसलं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "यावर जूनची एकतीस तारीख आहे. जूनला एकतीस नसते."

"तीच तर खूण आहे! मी मुद्दाम..."

"या नावाचं खातंही नाही. आणि हे कपाट तर आपल्या वाचनालयातलं आहे. म्हणजे हा कागद इथंच बसून केलेला आहे." त्यानं फोन काढून शेजारी धरला. "आणि गावभर फिरतंय त्यात यातलं काहीच चुकलेलं नाही. मी काय मानू?"

"मी सांगते ते मान!"

बाई हे बोलल्या आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. उभ्या आयुष्यात त्यांनी हे वाक्य कुणाही मुलाला म्हटलं नव्हतं. शंकासुरानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं, आणि तो खरोखरच नीट विचार करत होता.

"सांगणारा कोण?" तो म्हणाला. "सख्खी बहीण. फायदा काय? भाऊ सुटतो. तुम्हीच शिकवलंत, बाई. मी नाही मानू शकत."

कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दोन आया तर जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. बहिणीची माया, एक जण म्हणाली, आणि दुसरीनं सुस्कारा टाकला. सभागृह रिकामं झालं. बाई समोरच्या खुर्चीवर तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी पोरांना काय शिकवलं नाही ते आता त्यांना स्वच्छ कळत होतं. खरं बोलणाऱ्यालाही कधीकधी आपला माणूस वाचवायचा असतो, हे भिंतीवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण हे म्हणजे वरातीमागून घोडं.

पोलिसांना भावाविरुद्ध काही सापडलं नाही, सापडण्यासारखं काही नव्हतंच. दाराशी बसलेला पोलीस उठून गेला. पण पोलीस उठला म्हणून गाव उठत नाही. घरी जाताना बाईंना कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर तोच चेहरा चिकटवलेला दिसला, आता छापून काढलेला, रंगीत. दुकानदार त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. त्यांनी तो कागद फाडला नाही. फाडून काय होणार, हेही त्यांनीच पोरांना शिकवलेलं होतं: फाडलं की लोकांना वाटतं, खरंच असणार.

संध्याकाळी त्या इस्पितळात गेल्या तेव्हा भाऊ उशीला टेकून बसला होता. डाव्या हातानं चमचा धरायचा सराव चालला होता. निम्मी पेज चादरीवर सांडलेली होती. त्यानं चांगल्या डोळ्यानं ताईकडे बघितलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"पटलं त्यांना?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. चादरीवरची पेज पुसली. चमचा त्याच्या हातातून घेतला.

"हो," त्या म्हणाल्या. "पटलं सगळ्यांना."

त्याचा सुजलेला चेहरा एकदम सैल पडला. कुठं सांगितलंस, कोण कोण होतं, काय म्हणाले, त्यानं काही म्हणजे काहीच विचारलं नाही. ताई म्हणाली, एवढं त्याला पुरलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तू सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? बरं, माझी पिशवी तेवढी आण त्या वसाहतीतून. ते मशीन उघडंच राहिलंय. हात जरा वळायला लागला की जाऊन जोडून देतो, बिचारीचं शिवण अडलं असेल."

बाईंनी भरलेला चमचा त्याच्या ओठांपाशी धरला.

"आणते," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात."